महिला एफए कपचं बक्षीस पुरुषांइतकं का नसावं? ‘उत्तर स्टँड’, ‘हिशेबनीस’ आणि ‘पेठेतला लेफ्ट बॅक’ या टोपणनावांच्या तीन फुटबॉलप्रेमींचा वाद.

उत्तर स्टँड
14 मे 2023 ची महिला एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) बाद फेरीच्या कपची, फायनल ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. चेल्सी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. पहिल्याच मिनिटात लिया गॅल्टनने चेंडू जाळ्यात धाडला, पण ऑफसाइड. मग 68 व्या मिनिटाला पर्निल हार्डरच्या पासवर सॅम करचा गोल, आणि तेवढ्यावर चेल्सीने सलग तिसऱ्यांदा कप उचलला. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्या दिवशी 77,390 प्रेक्षक होते. महिलांच्या देशांतर्गत क्लब सामन्याला तोवर जगात कुठेच एवढी गर्दी झाली नव्हती.

तीन आठवड्यांनी त्याच मैदानात पुरुषांची फायनल झाली, तिला 83,179. म्हणजे गर्दीत सहा हजारांचाही फरक नाही. बक्षिसात? पुरुष विजेत्यांना फायनलचे 20 लाख पौंड, चेल्सीच्या मुलींना 1 लाख. कप तोच, संघटना तीच, मैदानही तेच, आणि रक्कम वीसपट कमी. हे मला पटत नाही. बक्षीस समान हवं, आणि आत्ताच हवं.

हिशेबनीस
भावना समजते, पण आकडे अर्धेच मांडलेत. महिलांच्या फायनलची तिकिटं पुरुषांच्या मानाने फार स्वस्त होती, तेव्हा डोकी मोजून उत्पन्न कळत नाही. शिवाय बक्षिसाचा मोठा भाग प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो, आणि पुरुषांच्या कपला परदेशातूनही गिऱ्हाईक आहे.

वाढ होत नाही असंही नाही. 2021-22 ला महिलांच्या कपचा एकूण निधी सव्वाचार लाख पौंडांच्या आसपास होता, विजेत्यांना 25 हजार. पुढच्याच मोसमात निधी 30 लाख झाला आणि 2023-24 ला 60 लाख. दोन वर्षांत चौदापट! एवढ्या वेगाने वाढणाऱ्या गोष्टीला अन्याय म्हणणं मला जड जातं.

आणि 2022-23 मोसमातली महिलांची चौथी फेरी आठवा. ॲस्टन व्हिला 11, फाइल्ड 1. आर्सेनल 9, लीड्स 0. जिथे एवढी दरी आहे तिथे आधी खेळाचा दर्जा वाढू दे.

उत्तर स्टँड
प्रक्षेपणाला गिऱ्हाईक कमी का, हेही सांगा ना. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या मुलींच्या संघाचा सामना बघायला 53,000 लोक आले होते. वर्षभराच्या आत, 5 डिसेंबर 1921 ला, याच एफएने ‘हा खेळ बायकांना योग्य नाही’ असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी उठेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. महिलांच्या कपची पहिली फायनल 1971 ची. टीव्हीमुळे पुरुषांचा खेळ घराघरांत पोचला ती वर्षं मुलींनी सार्वजनिक बागांत आणि रग्बीच्या मैदानांवर खेळून काढली. ज्याने दुकान बंद केलं त्यानेच नंतर ‘तुमचा धंदा कमी आहे’ म्हणायचं?

हिशेबनीस
बंदी चुकीची होती, त्यावर माझा वादच नाही. पण तिची भरपाई चेल्सीच्या खात्यात 20 लाख टाकून कशी होते? चेल्सीला त्या पैशाची गरज नाही. समान बक्षिसाचा सगळ्यात मोठा लाभ आधीच श्रीमंत असलेल्या चार-पाच क्लबांना होईल, आणि पुढच्या वर्षी 11-1 चं 15-1 होईल.

पेठेतला लेफ्ट बॅक
मी कोल्हापूरचा. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने बघत मोठा झालोय, त्यामुळं बाद फेरीचा कप काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. एक सामना हरलात की घरी. म्हणूनच लहान क्लबाला तिथं एखाद्या दुपारी मोठ्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो.

तुम्ही दोघं फायनलवरच भांडताय. 2022-23 मोसमातला लुइस हा क्लब बघा. इंग्लंडच्या ससेक्समधलं छोटं गाव, क्लब चाहत्यांच्या मालकीचा, मैदानाचं नाव ड्रिपिंग पॅन. 2017 ला तिथं महिला आणि पुरुष संघांवर सारखाच खर्च करायला सुरुवात झाली. दुसऱ्या स्तरावरच्या त्या मुलींनी पाचव्या फेरीत कार्डिफला 6-1 हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत थेट मँचेस्टर युनायटेडला आपल्या गावात आणलं. 1-3 हरल्या, पण ताठ मानेनं. समान बक्षिसाची मागणी मोठ्यानं करणारा क्लबही हाच. पुढच्याच मोसमात तो संघ खाली घसरला. एवढ्या क्लबाला उपांत्यपूर्व फेरीच्या पुरुषांइतक्या पैशात काय काय करता आलं असतं, याचा हिशेब हिशेबनीसांनी मांडावा.

उत्तर स्टँड
लुइसचं बरोबर. मी एक भर घालते. 2015 ला महिलांची फायनल पहिल्यांदा वेम्ब्लीवर झाली. चेल्सीने जी सो-युनच्या गोलवर 1-0 जिंकली, 30,710 प्रेक्षक. हरलेला संघ नॉट्स काउंटी. एप्रिल 2017 मध्ये, नवा मोसम दोन दिवसांवर आला असताना, तो महिला संघ बंद करण्यात आला. वेम्ब्लीवर फायनल खेळलेल्या संघाला दोन वर्षंही धड तग धरता आला नाही! त्या खेळाडूंचा विचार आला की मला अजून राग येतो.

हिशेबनीस
नॉट्स काउंटीचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. बक्षीस हे एकदा मिळणारं उत्पन्न आहे, त्यावर संघ चालत नाही. आपल्याकडे बीसीसीआयने ऑक्टोबर 2022 मध्ये सामन्याचं मानधन समान केलं, कसोटीला 15 लाख. चांगलंच झालं. पण वार्षिक करारात महिलांची वरची श्रेणी 50 लाखांची राहिली आणि पुरुषांची 7 कोटींची. मथळा समानतेचा झाला, घर चालवणारा पैसा तसाच राहिला. एफएनेही फायनलचा धनादेश समान करून हात झटकले तर?

पेठेतला लेफ्ट बॅक
मग खालून सुरुवात करा. पहिल्या फेऱ्यांत मुलींच्या क्लबाला पुरुषांच्या त्याच फेरीइतके पैसे द्या. तिथल्या रकमा लहान असतात, एफएला जड जाणार न्हाईत. आणि तिथंच बसभाडं, फिजिओ, सरावाला दिवे असलेलं मैदान, सगळं अडलेलं असतं.

हिशेबनीस
सुरुवातीच्या फेऱ्यांपुरतं मला मान्य आहे. फायनलपुरतं नाही.

उत्तर स्टँड
मला दोन्ही हवंय. विंबल्डनने 2007 ला समान बक्षीस दिलं तेव्हा आधी पहिली फेरी, मग पुढचं बघू, असं केलं नव्हतं. पहिल्या फेरीपासून विजेतेपदापर्यंत सगळं एकदम समान केलं. पण खालून सुरुवात होणार असेल तर ती येत्या मोसमाच्या पहिल्या फेरीपासूनच व्हावी, कारण लुइससारख्या क्लबांना थांबायला वेळ नाही.