मदत हवी आहे : 'गेट'चा गुंता कोणी सोडवेल का?

राजेहो, पुतणी दहावीत आहे, संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी घेऊन बसते. 'गेट' म्हणजे मिळणे, एवढ्यावर आमची गाडी बरी चालली होती. मग 'इट गेट्स डार्क' आलं, म्हणजे होणे. शाळेत पोचायचं तर 'गेट टू स्कूल', पण घरी पोचायचं तर नुसतं 'गेट होम', 'टू' गायब! तेही घोकलं.

खरी अडचण परवा आली. तिनं वहीत लिहिलं, 'माय फादर पिक्ड द कॉटन'. म्हटलं, बाई, तुझा बाप कुठं वेचतो? तो मजूर लावून वेचून घेतो! मग 'गॉट द कॉटन पिक्ड' असं करून दिलं. पण मजुरांचा उल्लेख आला की 'गॉट देम टू पिक', आणि 'मेड देम पिक'मध्ये मात्र 'टू' नाही. असं काहून?

शिवाय 'मेड' म्हणजे जबरदस्ती वाटते. आमच्या इथं वेचाईच्या दिवसांत मजुरांवर जबरदस्ती कोण करते, घरोघरी जाऊन विनवण्या कराव्या लागतात. मग 'हॅड देम पिक' लिहू का? आपल्या 'वेचून घेतला'ला या तिघांतलं सगळ्यात जवळचं कोणतं? शेतातलंच उदाहरण देऊन सांगा, तिला ते लवकर समजते.