बेसिन, सिंक आणि टबसाठी स्वस्त वेस्ट कपलिंग : मदत हवी आहे

नमस्कार. गुहागर परिसरातील घरगुती निवासांसाठी बेसिन, सिंक आणि टब या तिन्हींना चालेल असे कमी खर्चाचे वेस्ट कपलिंग (तळाच्या भोकात बसून पाणी सांडपाण्याच्या नळीत सोडणारा जोडभाग) तयार करण्याचा माझा विचार आहे. खाऱ्या हवेत पितळेवरचा क्रोमचा मुलामा फुगून सुटतो आणि ३०४ प्रतीच्या स्टीललाही क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. ३१६ प्रतीचे स्टील जास्त टिकते, पण परवडत नाही. म्हणून मुख्य भाग एकसंध पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा, तर वाळू आणि केस अडवणारी जाळी (पर्यटक समुद्रावरून थेट न्हाणीघरातच येतात) उचलून धुता येईल अशी सुटी ठेवली आहे. बेसिनला ३२ मिमी आणि सिंकला ४० मिमी जोडणी धरली, तर एकाच साच्यावर भागवून खाली रिड्यूसर (मोठी जोडणी लहान नळीला जोडणारा तुकडा) द्यावा, की दोन साचे करावेत? शिवाय चेकनट (कपलिंग खालून घट्ट धरणारा नट) आवळताना प्लास्टिकचे आटे घसरू नयेत, यासाठी आटे कसे ठेवावेत? साचेकामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.