उद्याच राजीनामा नको, आधी तारखा बघा

साडेचार वर्षं झाली, साहेबांचा जाच सोसवत नाही, उद्याच राजीनामा देतो, असं तुम्ही लिहिलंय. वर बऱ्याच जणांनी 'देऊन मोकळे व्हा' म्हटलंय. नोकरी सोडाच, पण उद्या नको. कायद्यानुसार कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) सलग ५ वर्षं लागतात. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो (एका दिवसाचा पगार म्हणजे साधारणपणे महिन्याचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६). हे तुमच्या घामाचे पैसे आहेत. आणि नोटिशीचा काळही सेवेतच धरतात. म्हणजे तीन महिन्यांची नोटीस असेल, तर अजून तीनेक महिने थांबून राजीनामा दिलात तरी गणित जुळतं. फक्त कंपनी तुम्हाला आधीच मोकळं करू शकते का, ते नियुक्तीपत्रात नीट वाचा. काठावर राहू नका, थोडे दिवस जास्तच धरा.

पीएफ काढू नका, नव्या कंपनीत वर्ग करा. ५ वर्षांच्या आत काढला तर सहसा कर लागतो, शिवाय पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते.

मात्र झोप उडाली असेल, तब्येत ढासळत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि खरंच उद्याच निघा.