मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा वायफाय अ‍ॅडॅप्टर ऐन क्लासमध्येच गायब होतो

नमस्कार. बाबांचा कॉम्प्युटर ठाण्याला नौपाड्यात, मी ऐरोलीला, त्यामुळे रविवारी जाऊन जेवढं करता येतं तेवढं करते आणि बाकीचं फोनवरून. तीन आठवडे झाले, आता माझं डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय.

मशीन जुनं आहे. कोअर टू ड्युओ, जी ४१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज १०, मधे एसएसडी घातली म्हणून अजून बरं चालतं. बोर्डाला वायफाय नाही त्यामुळे नखाएवढा यूएसबी अ‍ॅडॅप्टर लावलाय, फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये. राउटर हॉलमध्ये दाराशी, कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मधे दोन भिंती आणि बिल्डिंग जुनी म्हणून भिंती जाड, तरी चारपैकी तीन कांड्या कायम असतात.

त्रास असा की नेट जातं, पण कधीही नाही जात. बाबा सकाळी दोन-दोन तास पेपर वाचतात, यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, काही होत नाही. मंगळवार-शुक्रवार चार ते पाच त्यांचा मोडी लिपीचा ऑनलाइन क्लास असतो, त्यात मात्र तीन-चार वेळा हमखास जातं. आधी टुडूंग असा आवाज येतो (पेनड्राइव्ह काढल्यावर येतो ना तो), अ‍ॅडॅप्टरचा निळा दिवा विझतो, खाली कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हच बदलतं आणि मिनिटाभराने परत टुडूंग होऊन सगळं जिथल्या तिथे.

मिनिटभरच तर जातं असं वाटेल, पण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, सर जुना कागद स्क्रीनवर लावून अक्षरांवरून बाण फिरवत वाचतात, तेवढ्यात नेट गेलं की परत आल्यावर ओळीत आपण कुठे होतो तेच बाबांना सापडत नाही. गेल्या शुक्रवारी मी रजा घेऊन शेजारी बसले होते. वहीत अर्धी ओळ उतरवलेली, पेन्सिलीचं टोक शेवटच्या अक्षरावर तसंच टेकवलेलं, आणि समोर स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय. काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, सोडतो मी ही बॅच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस नवीन लिपी शिकतोय, पणजोबांच्या जमिनीचे कागद त्यांना स्वतः वाचायचेत, आणि एवढ्याशा वस्तूपायी ते सुटावं हे मला अजिबात पटत नाहीये.

आतापर्यंत हे करून झालंय. ड्रायव्हर काढून परत टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॉवर मॅनेजमेंटला जाऊन वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक काढली, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद केलं. शेजारपाजारची सगळी राउटर १ आणि ६ चॅनेलवर दिसली म्हणून आपलं ११ वर नेलं. शिवाय क्लास चालू असताना मागे राउटरला (१९२.१६८.१.१) पिंग लावून ठेवलं, म्हणजे त्याचं उत्तर येतंय का ते सतत बघत राहणं, छान २-३ मिलिसेकंदात उत्तर येत होतं आणि आवाज झाला की थेट जनरल फेल्युअर. त्याच वेळी माझा मोबाइल त्याच खोलीत त्याच वायफायवर व्यवस्थित चालत होता.

लॅन वायर टाका असं सांगणार असाल तर ती पॅसेजमधूनच न्यावी लागते, आई एकदा एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरीत पाय अडकून पडलीये, ते नको. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, या प्रोसेसरवर ११ ला परवानगी नाही, हे माहीत आहे, नवीन मशीन दिवाळीत घेऊ. मला क्लास संपेपर्यंतचा उपाय हवाय. नवीन अ‍ॅडॅप्टर घेऊ का? की दोष दुसरीकडेच आहे?

प्रतिसाद:
ताई, क्लासमध्ये बाबांचा कॅमेरा चालू असतो का? आणि तो कुठे खोचलाय?

धागाकर्ती:
हो, सर कॅमेरा चालू ठेवायला सांगतात. यूएसबीचाच आहे, अ‍ॅडॅप्टरच्या शेजारच्या पोर्टमध्ये.

प्रतिसाद:
मग अ‍ॅडॅप्टर इतक्यात घेऊ नका. तो आवाज तुम्ही लिहिलात ते फार बरं केलंत. नुसता सिग्नल गेला तर वायफाय तुटतं पण अ‍ॅडॅप्टर जागेवर राहतो, आवाज येत नाही. इथे विंडोजच्या दृष्टीने कोणीतरी तो उपटून परत लावतंय, म्हणजे बहुतेक त्याला वीज पुरत नाहीये. पेपर वाचताना किंवा यूट्यूब बघताना अ‍ॅडॅप्टर मुख्यतः ऐकत असतो, क्लासमध्ये बाबांचा चेहरा सतत वर पाठवावा लागतो आणि पाठवताना तो जास्त करंट ओढतो, त्यात कॅमेराही त्याच जागेवरून ओढतोय. पुढचे दोन पोर्ट साधारण बोर्डावरच्या एकाच हेडरवरून (पिनांच्या जोडणीवरून) बारीक वायरीने आलेले असतात. यूएसबी २ च्या पोर्टवर ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर ही मर्यादा, आणि जुन्या वायरीत, सैल झालेल्या पोर्टात तेवढंही पोचत नाही.

अ‍ॅडॅप्टर मागच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टला लावा, कॅमेरा पुढेच राहू द्या. मागे लोखंडी कॅबिनेट आणि भिंत यांच्यामध्ये सिग्नल मरेल, म्हणून एक मीटरच्या आतली जाडसर एक्स्टेंशन वायर घेऊन अ‍ॅडॅप्टर टेबलावर आणा, लांब बारीक वायरीत परत व्होल्टेज पडतं. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ च्या वायफायला त्रास देतो असंही कोणी सांगेल, पण जी ४१ मध्ये मुळात यूएसबी ३ नाही, ते सोडा. मल्टिमीटर असेल तर एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मोकळ्या चार पिनी कनेक्टरवर लाल आणि काळ्या वायरीत व्होल्टेज बघा, ४.७५ ते ५.२५ च्या मधे हवं, आणि क्लाससारखा लोड असताना बघा. बोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या उभ्या डब्यांसारखे भाग) वरून फुगलेत का तेही बघा. एसएमपीएस मात्र उघडू नका, बंद केल्यावरही आत चार्ज राहतो.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. गावदेवीजवळून अर्ध्या मीटरची वायर आणली, अ‍ॅडॅप्टर आता टेबलाच्या कडेला टेपने चिकटवलाय, कांड्याही चार झाल्या. कालच्या शुक्रवारचा क्लास पूर्ण झाला, एकदाही टुडूंग नाही. बाबांनी पाचनंतर फोन करून अख्खी ओळ वाचून दाखवली, पुण्याच्या कुठल्याशा पत्रातली, आणि बॅच सोडायचं परत काढलं नाही.

भावाने मल्टिमीटर लावला. नुसतं चालू असताना ५.०२, व्हिडिओ कॉल चालू असताना ४.८१. आणि प्रोसेसरजवळचे दोन कपॅसिटर वरून थोडे फुगलेले दिसतायत, बाकीचे सपाट आहेत. ४.८१ मर्यादेत आहे हे कळलं, पण काठावरच आहे ना? दिवाळीपर्यंत असंच चालू ठेवू की एसएमपीएस आत्ताच बदलू, की कपॅसिटर आधी बदलून घ्यायचे? आज रात्रीपर्यंत सांगितलंत तर रविवारी जाताना सामान घेऊनच जाईन.