मदत हवी: कबरस्तानाच्या डागडुजीला पैसे द्यायचेत, चेक कोणाच्या नावाने?

कॅम्पातला_तात्या: लोकहो, जरा पटकन सांगा. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपने ४२ हजार रोख जमवलेत, लंडनचा भाचा २०० पौंड टाकतोय. ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती हवी, तीही ३१ मार्चच्या आत. उगाच फाटे फोडू नका.

सोनचाफा: कोणतं कबरस्तान ते तरी सांगा, पुण्यात काय एकच आहे का

जुना_खडकीकर: खडकीची वॉर सिमेट्री असेल तर पैसे परत वाटून टाका. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन बघतं, १९१७ची संस्था, सहा देशांची सरकारं पैसा देतात. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारावर कबरी आहेत, गवत बघा जाऊन, आपल्या बागांना लाज वाटेल.

कॅम्पातला_तात्या: अहो ते नाही, आमच्या गल्लीमागचं, गोऱ्यांचं जुनं. पिंपळाने दोन कबरी उचलल्यात. एका पाटीवरची शिशाची अक्षरं गळून नुसती भोकं उरलीत, बोटाने चाचपत वाचलं, अकरा महिन्यांचं पोर होतं हो. गवंडी ठरवलाय, उद्या सिमेंट येतंय. पावतीचं बोला.

चुना_मुरवा: सिमेंट??? आधी थांबवा ते. जुनं काम चुन्यातलं असतं, त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. पिंपळही ओढून उपटू नका, मुळाबरोबर दगड येईल.

मी_बिल्डर_नाही: काही होत नाही, आमच्या वाड्याला १९९८ला सिमेंटच लावलं होतं

चुना_मुरवा: वाडा आहे का अजून?

मी_बिल्डर_नाही: सोसायटी झाली तिथे

वंशावळवेडी: पूर्वजांची कबर शोधत असाल तर मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

कॅम्पातला_तात्या: ताई, माझे पणजोबा ओंकारेश्वराच्या स्मशानात गेले.

हिशेबी_सीए: तात्या, जागा कोणाची? चर्चच्या ट्रस्टची, कॅन्टोन्मेंटची की आणखी कोणाची? मालकाच्या लेखी परवानगीशिवाय गवंडी आत घातलात तर वर्गणी राहिली बाजूला, तक्रार व्हायची. पावती ८०जी मंजूर असलेली संस्थाच देते आणि २००० च्या वर रोख दिलीत तर वजावट नाही, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या खात्यातून द्यायचे. भाचा ब्रिटिश पासपोर्टवाला असेल तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी लागेल. त्यापेक्षा त्याला तिथल्याच बॅक्सा नावाच्या संस्थेला देऊ दे, १९७६पासून दक्षिण आशियातल्या जुन्या युरोपीय कबरस्तानांसाठीच काम करतात ते. आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत आहात ना? नव्यात ८०जी मिळत नाही.

कॅम्पातला_तात्या: नव्यात आहे. हे आधी सांगायचं ना कोणीतरी

सोनचाफा: विचारलं कुठे तुम्ही

कॅम्पातला_तात्या: बरं राहू दे पावती, चौकीदाराला विचारतो जागा कोणाची ते. गवंडी फोन उचलत नाहीये, सकाळी सातला दहा गोण्या दारात येणार. दुकानदार परत घेतो का?

मी_बिल्डर_नाही: आमच्या सोसायटीची टाकी गळतेय, दोन गोण्या मला द्या