मदत हवी आहे : गर्दीच्या घाटावर होडी नीट कशी लावावी?

नमस्कार मंडळी. चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, माझा लहान भाऊ होडी चालवतो. मागे टांगायचं इंजिन आहे, वेगळं सुकाणू नाही. हतनूर धरणाचं पाणी तिथवर येतं, त्यामुळे पातळी बदलली की काठाची जागाही बदलते.

महाशिवरात्रीच्या यात्रेत घाटाला होड्या खेटून उभ्या असतात. दोघींच्या मधे जेमतेम एका होडीची फट, त्यात आडवा वारा. इंजिन न्यूट्रलला टाकलं की वळवायची ताकदच जाते, कारण पंख्याचा झोत हेच आमचं सुकाणू. मग होडी वाऱ्यासोबत शेजारच्या नावेकडे सरकते, आणि आत लेकरं, म्हाताऱ्या बाया असतात. मला त्याचीच धास्ती वाटते.

वारा किंवा प्रवाह, जो जोरात असेल त्याच्याकडे तोंड करून हळू यावं, हे आम्हाला पटतं. पण दोन्ही उलट दिशांनी असले तर? आधी दोर पुढचा टाकावा की मधला? थोडं रिव्हर्स नेमकं केव्हा द्यावं? प्रकाशा, सारंगखेड्याकडचे कुणी नावाडी असतील तर कृपया सविस्तर सांगा. यात्रेआधी रिकाम्या होडीवर सराव करून घ्यायचा आहे.