दया केली तर न्यायाचे काय?

प्रश्न: देव पूर्ण न्यायी असेल तर अपराधाला शिक्षा व्हायलाच हवी, आणि पूर्ण दयाळू असेल तर क्षमा. ख्रिस्ती श्रद्धा या दोहोंचा मेळ कसा घालते?

उत्तर 1: अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी असे मांडले की, पापाची भरपाई करणे हे माणसाचे कर्तव्य असले तरी ते सामर्थ्य केवळ देवाकडे आहे, आणि म्हणून देव व मनुष्य दोन्ही असलेल्या ख्रिस्तानेच ती केली. त्या भरपाईला माणसाच्या वाट्याची शिक्षा मानण्याचा विचार पुढे सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी ठळक केला.

उत्तर 2: इथेच घोडे अडते. सोळाव्या शतकातच इटालियन धर्मविचारक फाउस्टो सोझिनी यांनी आक्षेप घेतला की, कर्ज दुसरा फेडू शकतो, पण निरपराध्याने शिक्षा भोगणे हा न्यायच नव्हे. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय 20) येशूने सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, द्राक्षमळ्याचा धनी दिवसभर उन्हात राबलेल्यांना ठरलेला दीनार, म्हणजे दिवसाची मजुरी, देतो आणि शेवटच्या तासाला आलेल्यांनाही तेवढाच देतो. कुणाचेही काही बुडत नाही, तरीही पहिले कुरकुरतात. म्हणजे दया न्यायाच्या खाली न जाता त्याच्या पलीकडे जाते.

प्रश्नकर्ता: मजुरीपुरते हे पटते. मात्र त्या दाखल्यात कुणावर अत्याचार झालेला नाही. ज्याच्यावर तो झाला, त्याला न विचारता अपराध्याला क्षमा मिळाली तर त्याच्या वाट्याच्या न्यायाचे काय, हे कुणी सांगेल का?